तात्या, राजीनामा असा देत नसतात

तात्या, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडायचा हक्क मला उरलेला नाही, असं नात्यातली चार माणसं म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये, असंही म्हणतात. ती सगळी तुमच्या राजीनाम्याच्या पंगतीला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, जेवून गेलेली माणसं आहेत, तेव्हा त्यांनी तुमची बाजू घेणं रास्तच आहे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि त्या पंगतीतल्या पत्रावळी उचलत होते. त्यामुळं माझं मत जरा वेगळं पडतं. आज लिहायला बसले त्याचं कारण असं की मीसुद्धा नोकरी सोडते आहे. सोडायची तयारी करते आहे, असं म्हणू या. तयारी हा शब्द तुम्हाला ठाऊक नसेल. नोकरी सोडण्याआधी माणूस ती करतो, निदान ज्याच्या घरात खाणारी तोंडं असतात तो तरी करतो.

माझं काम तुम्हाला कधी कळलं नाही आणि तुम्ही ते कधी विचारलंही नाहीत. वाळूजच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. ते भाग बरोबर मापाचे आहेत का हे बघायला गेज असतात, मायक्रोमीटर असतात. आणि ही मापाची उपकरणंच खरी बोलतात की खोटी, हे तपासायचं काम माझं. कारखान्याच्या एका कोपऱ्यात एक थंड, बंद खोली आहे, तिथं मी माझ्या आयुष्याची तीस वर्षं काढली. आता मला अशीच एक खोली स्वतःची उघडायची आहे. आसपासच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना आपली उपकरणं तपासायला पुण्याला पाठवावी लागतात, येण्याजाण्यात आठवडा मोडतो. ते काम मी इथं, संभाजीनगरात करून देईन. तुम्ही औरंगाबाद म्हणायचात, तेच हे गाव. बस, एवढंच स्वप्न आहे. त्यात हॉटेल नाही, रोषणाई नाही आणि कुणाला जेवायला घालायचं नाही.

तुमच्या राजीनाम्याची गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की ती मला पाठ आहे. पैठणला धरणाच्या हापिसात तुम्ही कारकून होता. नवे साहेब आले होते, तरुण इंजिनिअर. त्या दिवशी शिपाई रजेवर होता, साहेबांकडे पाहुणे बसले होते, आणि साहेब तुम्हाला म्हणाले, जरा पाण्याचे दोन ग्लास आणता का. आणता का, असं म्हणाले. हे तुम्ही स्वतःच सांगायचात, साहेबाच्या बोलण्याची नक्कल करून. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "माझ्या बापानं मुन्शीगिरी केली साहेब, पानी नाय वाढलं कुनाला." आजोबांच्या त्या मुन्शीगिरीबद्दलही बोलायला पाहिजे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, हापिसांमधली उर्दू गेली आणि आजोबा घरी बसले ते मरेपर्यंत बसूनच राहिले. इज्जत तेवढी शाबूत होती. त्या इज्जतीवर आजीनं लोकांची धुणी धुतली. पण हा भाग तुमच्या गोष्टीत कधी यायचा नाही.

तर तुम्ही टेबलावर येऊन कागद ओढलात आणि वर मोठ्या अक्षरांत राजीनामा असं लिहिलंत. तेव्हा तुमच्या हापिसातले बडे बाबू, ते म्हातारे मुस्लिम हेडक्लार्क, तुमच्या खुर्चीशी आले. तुमच्याच तोंडून ऐकलेलं त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. ते म्हणाले, "मियाँ, ये नक्को लिखो. बीस साल हो गए तुमारे. रिटायरमेंट की दरख्वास्त दो, पेन्शन मिलती. राजीनामा दिए तो पूरी नौकरी डूब जाती." म्हणजे काय, तर एकाच दारातून बाहेर पडायचं होतं, फक्त अर्ज वेगळा करायचा होता. मुदतपूर्व निवृत्ती मागितली असती तर तीन महिने कळ सोसावी लागली असती आणि मग तुम्हाला मरेपर्यंत व आईला तिच्या शेवटापर्यंत दरमहा पैसे आले असते. राजीनामा दिला की केलेली सगळी नोकरी न केल्यात जमा. हा नियम हापिसातल्या प्रत्येक कारकुनाला माहीत असतो. तुम्हालाही माहीत होता, कारण दुसऱ्यांच्या पेन्शनची कागदपत्रं तुम्हीच तयार करायचात. आणि तुम्ही बडे बाबूंना काय म्हणालात? "निवृत्त व्हायला मी काय म्हातारा झालो का?"

हे सांगून झालं की तुम्ही मांडीवर थाप मारायचात आणि ऐकणाऱ्याकडं बघायचात. ऐकणारे हसायचे. मीही लहानपणी हसायचे, कारण मला वाटायचं की ह्यात तुमचा काहीतरी विजय झालेला आहे. मोठी झाल्यावर, कारखान्यात लागल्यावर, एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हीच गोष्ट आमच्या हजेरी-पगार बघणाऱ्या टाइम ऑफिसमधल्या माणसाला सांगितली. तो डबा खायचा थांबला. "अन् तुमच्या आईला मग फॅमिली पेन्शनपन नाय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "तुमच्या वडलांला कुनीतरी शिकवलं असंल." नाही हो, म्हटलं, कुणी शिकवलं नव्हतं, हे सगळं त्यांचं स्वतःचं होतं. त्या दिवसापासून ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

फंडाचे पैसे तेवढे मिळाले, कारण ते तुमच्याच पगारातून कापलेले होते. त्यातून तुम्ही आधी काय केलंत, तर अख्ख्या हापिसाला जेवण दिलंत. लोक निवृत्त होतात तेव्हा हापीस त्यांना जेवण देतं, नारळ आणि शाल देतं. तुमचं सगळं उलटं. औरंगाबादहून आचारी आणलात, देगी आणल्यात, क्वार्टरच्या मागच्या पटांगणात चुली पेटवल्यात. पिवळेधमक नान टोपल्या भरभरून आले. ज्या साहेबानं पाणी मागितलं होतं त्यालाही बोलावलंत, आणि तो आलाही, बिचारा. तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला रस्सा वाढत होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, "घ्या साहेब, घ्या. आता मी वाढतो, माझ्या मर्जीनं." आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. क्वार्टर महिनाअखेरीस रिकामं करायचं होतं आणि आम्ही कुठं जाणार हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ती कांदा चिरत नव्हती तरी सारखे डोळे पुसत होती, आणि पाहुण्या बायका तिला म्हणत होत्या, भाग्यवान आहात, असा वाघासारखा नवरा मिळाला.

तो वाघ आम्हाला घेऊन पडेगावला आला. दौलताबादच्या रस्त्याला तुम्ही जागा भाड्यानं घेतलीत आणि हॉटेल टाकलंत. तुमचा हिशोब ऐकून मला अजूनही हसावं का रडावं कळत नाही. वेरूळला जाणाऱ्या टुरिस्टच्या बसेस ह्याच रस्त्यानं जातात, बसमध्ये चाळीस माणसं असतात, चाळीसांतली निम्मी जरी उतरली तरी. हे 'जरी उतरली तरी' तुम्ही आईला रोज ऐकवायचात. ती माणसं औरंगाबादच्या हॉटेलात पोटभर नाश्ता करून, चहा पिऊन, दहा मिनिटांपूर्वीच बसमध्ये चढलेली असायची. पडेगावला ती कशाला उतरतील? आणि परत येताना त्यांना आपली खोली समोर दिसत असायची, तेव्हा तर ती मुळीच उतरायची नाहीत. हे समजायला टुरिस्ट असावं लागत नाही, एक दिवस रस्त्याकडेला उभं राहून बघावं लागतं. तुम्ही एक दिवससुद्धा उभे राहिला नाहीत. जागा घेतलीत, निळ्या रंगाच्या लोखंडी खुर्च्या घेतल्यात, सफारी शिवलात आणि गल्ल्यावर जाऊन बसलात.

अजूनही दिसतं मला, मी त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात बसलेली आहे. गव्हाच्या पोत्यावर वही ठेवून गणितं सोडवते आहे. आई पाट्यावर खोबरं आणि खसखस वाटते आहे, कारण मसाला विकतचा चालणार नाही, असा तुमचा हुकूम आहे. बाहेरून बसचा आवाज येतो. आईचा हात थांबतो. माझी पेन्सिल थांबते. तुम्ही गल्ल्यावरून उठून उभे राहता, सफारी खाली ओढता. बस पुढं निघून जाते. आई पुन्हा वाटायला लागते. दिवसातून हे कितीतरी वेळा होतं. जी थोडी माणसं यायची, म्हणजे ओळखीचे लोक, जुन्या हापिसातले, त्यांच्याकडून तुम्ही पैसे घ्यायचा नाहीत. "आपल्या मान्साकडून घ्यायचे व्हय?" आई एकदाच म्हणाली, "मग परक्या मान्सानं यायचं कधी?" त्यावर तुम्ही तिच्याशी दोन दिवस बोलला नाहीत. पुढं हॉटेल बंद पडलं तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की रस्त्याचं काम निघालं म्हणून बंद करावं लागलं. रस्त्याचं काम नंतर निघालं, तात्या, बऱ्याच नंतर.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी फी भरायची होती, ती मागायला मी गंगापूरला आले त्या दिवसाचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत, म्हणून मी काढते. तुम्ही तेव्हा तिथं एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे लिहायला होता. एसटीतून उतरून मी विचारत विचारत त्याच्या पेढीवर पोचले. दारात कापसाच्या गाड्या लागलेल्या, आत शेतकरी बसलेले, आणि तुम्ही हातात ॲल्युमिनियमचा ट्रे घेऊन एकेकाला पाणी देत होता. मालक तक्क्याला टेकून म्हणत होता, "त्या कोपऱ्यातल्याला ऱ्हायलं बगा." तुम्ही कोपऱ्यातल्याला पाणी दिलंत. मग मला पाहिलंत. ट्रे खाली ठेवायला तुम्हाला जागा सापडेना. मी बाहेर जाऊन उभी राहिले. तुम्ही मालकाकडून उचल घेऊन आलात, पैसे माझ्या हातात मोजून दिलेत आणि म्हणालात, "पोरगा आला नाय आज, म्हून." मी म्हटलं, हो. परतीच्या गाडीला वेळ होता, तर शेजारच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही राजीनाम्याची गोष्ट सांगायला सुरुवात केलीत. पाण्याचे दोन ग्लास, बडे बाबू, म्हातारा झालो का, सगळं. मी तुमच्या शेजारी बसून ऐकत होते. आयुष्यात मला कुणाची एवढी लाज वाटली नाही. दया आली असती तर बरं झालं असतं, पण दया आली नाही.

मला कारखान्यात नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हा तुम्ही ते हातातसुद्धा घेतलं नाहीत. "गुलामीचा कागद हाय त्यो," म्हणालात. "मान्सानं दुसऱ्याच्या भोंग्यावर उठू नाय." आई चहा गाळत होती. ती म्हणाली, "भोंग्यावर उठून तरी बघू द्या तिला, आपलं तर बिनभोंग्याचं झालंच." मग दोन दिवसांनी तुम्ही कुठून तरी हॉटेलातली एक निळी खुर्ची उचलून आणलीत. बाकीच्या भंगारात गेल्या होत्या, ही तुम्ही कुणाकडं तरी ठेवली होती. "मालकीन झालीस म्हंजे बस हिच्यावर," म्हणालात. ती भेट होती, असं मला वाटतं. पहिल्या पगारातून मी आईला पातळ घेतलं, तुमची उचल फेडली आणि खुर्ची गच्चीवर नेऊन टाकली.

आता माझी तयारी ऐका. ऐकण्यासारखी नाही, कंटाळवाणी आहे. तयारी कंटाळवाणीच असते. सगळ्यात आधी मी हे बघितलं की नोकरीबरोबर काय काय जातं. पगार जातो हे कुणालाही दिसतं. पण कंपनीचा दवाखान्याचा विमाही त्याच दिवशी जातो. मला साखरेचा त्रास, ह्यांना रक्तदाबाचा. नवा विमा असल्या जुन्या दुखण्यांचा खर्च पहिली काही वर्षं देत नाही, म्हणून मी तो नोकरीत असतानाच घेऊन ठेवला आणि ती वर्षं पगारावर काढली. घराचं कर्ज मुदतीआधी फेडलं. आईच्या आजारपणाची रक्कम बँकेत वेगळी ठेवली, तिला हात लावायचा नाही, असं ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. फंडाचा पैसा धंद्यात घालायचा नाही हे तर मी नोकरीला लागले त्याच दिवशी ठरलं होतं. मग दीड वर्षाचा घरखर्च, एक पैसा कमाई झाली नाही असं धरून. सणवार धरून, लग्नकार्यांचे आहेर धरून, स्कूटर बिघडेल असं धरून. शेवटी यंत्रांची रक्कम आणि जागेचं डिपॉझिट. आणि हो, मी रस्त्याकडेला उभी राहिले, तात्या. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपवाल्यांकडे जाऊन विचारलं की महिन्याला किती उपकरणं तपासायला पाठवता, पुणेवाला किती घेतो, त्यात तुम्हाला काय खटकतं. कोण उतरेल आणि कोण उतरणार नाही, हे मला माहीत आहे.

कंपनीनं मध्यंतरी आमच्यासाठी आर्थिक नियोजनाचं एक सत्र ठेवलं होतं. ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे अशा लोकांना एका हॉलमध्ये बसवलं आणि घट्ट कोटातला एक मुलगा पडद्यावर डोंगराचं चित्र लावून म्हणाला की तुमचा गोल म्हणजे हे शिखर. कागद वाटले. कागदावर ड्रीम लिहायचं होतं. माझ्या शेजारच्या फोरमननं सिंगापूर लिहिलं आणि माझ्याकडं बघून खोडलं. मुलगा माझ्यापाशी आला आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, वडिलांकडून पैशाबद्दल तुम्ही काय शिकलात?" मी म्हटलं, काय करू नये ते सगळं. तो खूश झाला. "व्हेरी पॉझिटिव्ह," म्हणाला. मग त्यानं मला विचारलं की नोकरी सोडायची तारीख ठरली आहे का, कारण तारीख नसेल तर गोल नुसती इच्छा असते. मी त्याला म्हटलं, आकडे जुळले की तारीख आपोआप येते. त्यानं मान डोलावली. त्याच्या कोटाच्या बाहीवर दुकानाचं लेबल तसंच होतं. ज्याला नव्या कोटाचं लेबल उसवून काढता येत नाही तो मला तारखा शिकवतो, असं मी घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं खूप हसलो.

आईला मात्र बरेच दिवस मी काही सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर राजीनामा हा शब्द उच्चारायचा माझा धीर होत नव्हता. ती माझ्याकडंच असते, आता तिला नीट दिसत नाही, पण भाजी निवडायला बसते आणि कान शाबूत आहेत. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. विमा, कर्ज, तिची वेगळी रक्कम, दीड वर्षाचा खर्च. सांगताना मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं की ती म्हणेल, त्यांनी असं केलं असतं तर. पन्नास वर्षांची बाई आईच्या शाबासकीची वाट बघत मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "जुळलंय ना सगळं?"

मी म्हटलं, जवळजवळ.

"जवळजवळ तर तू मागच्या वर्षीबी म्हनली व्हती. फोनवर. मला ऐकू येतंय."

मी म्हटलं, आई, घाई करून चालत नाही, तात्यांनी घाई केली. ती मेथीची काडी मोडत म्हणाली, "त्येनं कुनाला इचारलं नाय अन् गेला. तू समद्यांला इचारती अन् जाईना. दोघं बी मलाच तापदायक." मग म्हणाली, "त्यो येडाच व्हता. पन मी हाय ना अजून, मेले का उपाशी?" आणि मला मीठ आणायला पिटाळलं. मीठ घरात होतं.

मी तिच्यावर रागावले. मनात म्हटलं, हिला काय कळतं. आमच्या कामात एक रीत आहे. कारखान्याच्या गरम जागेतून आलेलं गेज लगेच मोजायचं नसतं. ते थंड खोलीत दगडाच्या पाटावर ठेवून द्यायचं, खोलीइतकं थंड होऊ द्यायचं, आणि मगच हात लावायचा. गरम लोखंड फुगलेलं असतं, ते खोटं माप सांगतं. नवीन पोरं घाई करतात आणि बरोबर असलेलं गेज चूक ठरवून मोकळी होतात. मी त्यांना ओरडते. तर मी स्वतःला सांगत होते की मीही तशी निवते आहे. तुम्ही तापलेले असताना मोजलंत, मी निवून मोजणार. फार समाधानाचं वाक्य होतं ते, मी त्यावर बरेच महिने काढले. पण मी हे काम तीस वर्षं केलंय. गेज रात्रभर ठेवलं की सकाळी निवलेलं असतं. फार मोठं असलं तर आणखी एक दिवस. त्यानंतरही ते पाटावरच पडून असेल तर ते निवत नसतं, कुणीतरी त्याला मोजायचं टाळत असतं.

म्हणून हे एवढं लिहिलं. आईला मी जवळजवळ म्हटलं ते खोटं होतं. ह्यांनाही तेच सांगत आले आहे. आकडे जुळले त्याला आता दुसरं वर्ष संपत आलं. मुलाचं शिक्षण झालं, तो पुण्याला नोकरीला लागला. विम्याची अट संपली. दीड वर्षाचा खर्च जमला तेव्हा मी त्याचा दोन वर्षांचा केला, दोनाचा जमला तेव्हा अडीचाचा. दरवेळी त्याला एक शहाणं कारण होतं आणि दरवेळी त्या कारणाच्या तळाशी तुम्ही होता. तात्यांसारखं व्हायला नको, एवढं म्हटलं की माझ्या घरात कुणी पुढं काही बोलत नाही. तुम्ही मूर्ख होता, तात्या, हे मी मागं घेणार नाही. तुम्ही आईचं पेन्शन एका तोऱ्यासाठी बुडवलंत, हे तर कधीच नाही. पण तुमचा मूर्खपणा मी इतकी वर्षं जपून वापरला, त्यावर बसून राहिले, आणि त्याला तयारी म्हटलं.

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. पाठवण्यासारखं असतं तर एकच विचारलं असतं. तुमच्या गोष्टीत सगळं असायचं, साहेबाचा आवाज, बडे बाबूंची दाढी, टेबलावरचा दौतीचा डाग. पण तो कागद घेऊन तुम्ही साहेबाच्या खोलीकडं चालत गेलात, तेव्हा तुम्हाला भीती वाटली का, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. वाटलीच असणार. घरी बायको होती, मी होते. वाटली असेल आणि तरी तुम्ही ते दार ढकललं असेल, तर तुमच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट होती आणि तीच तेवढी तुम्ही गाळलीत. आज रविवार आहे. दुपारी मी राजीनामा लिहायला म्हणून कागद घेतला होता, त्यावर हे लिहून झालं, राजीनामा लिहायचा राहिलाच. उद्या सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येईल आणि मी तिच्यात चढेन.